पाणी चढलं की बसायचं

आत्याबाई, पाणी चढलं की जिथं असू तिथं बसायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. सून म्हणून या घरात आल्यापासून मी ते पाळलं. पण मागच्या अमावस्येला त्याच शिकवणीपायी तुमचा नातू, नातसून, पणती आणि नातसुनेच्या पोटातला जीव, एवढी सगळी माझ्यामुळं पाण्यात गेली असती. घरात यावर कुणी बोलत नाही. मी समोर आले की विषय बदलतात. म्हणून म्हटलं, ज्यांची शिकवण त्यांनाच सांगावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमच्या शिव्या आठवाव्या लागतात.

ओढ्यावरचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल. माझा या घरातला दुसरा पावसाळा. पोरगा तान्हा होता, त्याला नणंदेपाशी ठेवून आपण दोघी ओढ्यापलीकडं नाचणी लावायला गेलो होतो. दुपारनंतर वरंध्याच्या घाटाच्या बाजूला डोंगर काळा झाला. आपल्या अंगावर थेंब नाही, पण ओढ्याचं पाणी तांबडं व्हायला लागलं. तुम्ही कंबर सरळ करून बघत राहिलात. आधी रंग येतो, मग पाचोळा येतो, मग आवाज, हे तुम्ही मला तिथंच सांगितलंत. मला ऐकायचं नव्हतं. माझी चोळी दुधानं भिजलेली, आणि पाणी अजून गुडघ्याएवढंच. मी पदर खोचून निघाले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

"बस खाली."

"आत्याबाई, पोरगं रडत आसल."

"रडू दे. रडणारं पोर जितं आसतं. बस."

मी हात सोडवायला गेले तर दुसऱ्या हातानं पाठीत धपका बसला. मग मी बसले. तुम्ही शेजारी बसलात, मनगट सोडलं नाही. बघता बघता उंबराचं आख्खं झाड मुळासकट समोरून गेलं. मी निघाले होते ती जागा कुठली, ते सुद्धा कळेना. दिवस मावळायच्या सुमाराला पाणी उतरलं आणि आपण घरी आलो. येताना तुम्ही काठावरच्या करवंदीत अडकलेलं गवत दाखवलंत, माझ्या डोक्याच्याही वर होतं ते. "पानी कुठवर येतं ते पान्याला इचारू नगं, झुडपाला इचार," म्हणालात. मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला घर गाठायचं होतं. माझ्या लक्षात राहिलं ते फक्त बसणं, आणि मनगटावरचा निळा वळ.

तुमचा धाक सगळी वाडी सांगायची. पण माझे डोहाळे तुम्ही कसे पुरवलेत ते वाडीला माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. पोटुशी झाले तेव्हा मला चिंच नको, आंबा नको, काहीतरी छापलेलं वाचावंसं वाटायचं. हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. किराणाच्या पुड्या सोडवून मी चुलीपुढं वाचत बसायचे, ते तुम्ही बघितलंत. पुढच्या बाजारी तुम्ही भोरला गेलात आणि डोक्यावर रद्दीचा गठ्ठा घेऊन आलात, फडक्यात बांधलेला. नणंद हसायला लागली, तर तुम्ही म्हणालात, "डोहाळे ते डोहाळे. चिंचंचं आसू दे न्हाईतर कागदाचं." मग तुम्ही भाकरी थापायच्या आणि मी वाचायची. एका फाटक्या पानावर घर सोडून निघालेल्या बाईची गोष्ट होती. "फुडं काय झालं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, पान फाटलंय. तुम्ही भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "मग आली आसल माघारी. बाई आन कुठं जाती?" आता मी पुस्तकं वाचते. तुमचा नातू भोरच्या वाचनालयातून आणून देतो. पुस्तक संपलं की मला अजून वाटतं, तुम्ही शेवट काय केला असता.

एक सांगायचं राहतंय आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तुमचा मुलगा गेला, आत्याबाई. चार वर्षं होतील. आजार नाही, दवाखाना नाही. रानातून आला, पडवीत भिंतीला टेकून बसला, पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला तोवर मान कलली होती. तुम्हाला तिकडं भेटला असेल तर हे ठाऊकच असेल. मी फार रडले नाही. कामं असतात, ती होतात. गुरांना माहीत नसतं कोण गेलं ते, त्यांना वैरण लागते. पण पडवीत त्या भिंतीपाशी मी बसत नाही, आणि दुसऱ्या कुणी बसलेलं मला चालत नाही.

आता तुमच्या नातसुनेचं. ती नसरापूरकडची, हायवेच्या आवाजात वाढलेली. ओढा म्हणजे काय ते तिला आपल्या घरी येऊन कळलं. मोठी पोरगी शाळेत जाते, आणि आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. यावेळी तिला डोहाळे लागले समुद्राचे. घाटाच्या तोंडाशी राहून आपल्या घरातल्या एकाही बाईनं समुद्र पाहिलेला नाही. तुमच्या आईनं तर घाटाखालून मिठाची ओझी आणली, पण मीठ कुठून येतं ते बघायला ती पुढं गेली नाही. माझा मुलगा म्हणाला, "आई, सहावा म्हैना, घाटाची वळणं. तूच न्हाई म्हण, माझं ऐकत न्हाई ती." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, डोहाळे ते डोहाळे.

दिवस कुठला, यावर अडलं. भातं निघाली होती, खाचरात हरभऱ्यासाठी नांगरट चालू होती, बैल रोज जुंपलेले. अमावस्येला आपण औत धरत नाही, म्हणून अमावस्या ठरली. तुम्ही असता तर अवसेचा प्रवास म्हणून उंबऱ्यात आडव्या बसला असतात. मी तुमच्यापुढची, मी पुस्तकं वाचलेली, म्हणून मी आडवी बसले नाही. आता कळलंय की कोकणातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं नेमका तोच दिवस नको म्हटलं असतं. अमावस्येला समुद्र सगळ्यात जास्त भरतो. आपला सुट्टीचा दिवस तो त्याच्या कामाचा.

मुलानं मित्राची व्हॅन मागून आणली आणि पहाटेच आम्ही निघालो. भाकरी, ठेचा, सुकी भाजी, आणि सुनेला उलटी झाली तर लिंबं. घाट उतरताना पोरगी माझ्या मांडीवर उभीच.

"आजी, समुद्राला पल्याडचा काठ आसतो का?"

"आसतो. पन दिसत न्हाई."

"मग आसतो कशावरून?"

मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "तुझ्या आजीनं पुस्तकात वाचलाय." सून हसली. लिंबू नाकाशी धरून हसत होती. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी बघितलं.

पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. किनाऱ्यावर माणूस नाही. एक चहाची टपरी होती, बंद. आणि समुद्र लांब गेलेला. मला जरा वाईटच वाटलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि काठाला नुसता गाळ उरतो, तसं दिसत होतं सगळं, ओली वाळू आणि काळे खडक. मी मनात म्हटलं, हे पाणी आटलंय, पाऊस आल्यावर भरेल. भरती हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला असेल. मला वाटायचं, भरती म्हणजे लाटा मोठ्या होतात. समुद्र चालत येतो, हे कुठल्याच पुस्तकातून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

वाळू संपते तिथं डोंगराचं नाक पाण्यात घुसलेलं. त्याच्या पायथ्याशी खडकांची सपाट वाट होती, एका बाजूला कड्याची भिंत. त्या वाटेनं आम्ही चालत गेलो. मध्ये एक घळ लागली, बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद, तळाशी वाळू, कोरडी. ती ओलांडून पलीकडच्या खडकावर गेलो. ते तासभर चालणं इतकं चांगलं होतं की त्याचा राग येतो मला. खडकांतल्या खळग्यांत पाणी साठलेलं, आणि एकेका खळग्यात एकेक वाडी नांदत होती. पोरीनं उचललेला शंख तिच्या तळहातावर चालायला लागला, आत खेकडा होता, दुसऱ्याच्या घरात राहणारा. फुलासारखं काहीतरी होतं, बोट लावलं की लाजाळूसारखं मिटायचं. सून खाली बसून ते बघत होती, एक हात पोटावर. "हललं," म्हणाली माझ्याकडं बघून. "खारं वारं लागलं तसं हललं." पोरगी भिंतीला हात लावत चालली होती. "आजी, हितं भिंतीलाबी शिंपल्या चिकटल्यात. लई वर. पप्पांचाबी हात पुरायचा न्हाई." मी म्हणाले, आसू दे, खाली बघून चाल.

भाकऱ्या खाल्ल्या, आवरलं आणि माघारी फिरलो, तर घळीत पाणी.

फार नाही. पोटरीएवढं. हिरवट, स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. मुलगा थांबला आणि माझ्याकडं वळला. पाण्याचं काहीही असलं की तो माझ्याकडं वळतो, मीच त्याला तसं वाढवलंय. मी पाण्याकडं बघितलं, तुम्ही बघायच्या तसं. रंग नाही. पाचोळा नाही. आवाज होता, पण तो सकाळपासूनचाच. मी म्हणाले, "गढूळ न्हाई. ह्यो लोंढा न्हाई. बसा जरा, उतरल."

"आत्ताच जाऊ की," सून म्हणाली. "पोटरीएवढं तर हाय."

"पोटरीएवढं आसतं तवाच माणूस फसतं. सहावा म्हैना हाय तुझा. घसरलीस तर? बस."

ती बसली. तुमचा शब्द माझ्या तोंडून आला की या घरात कुणी मोडत नाही. मी पाण्याच्या कडेला खूण म्हणून एक दगड ठेवला, तुम्ही ठेवायच्या तसा. जरा वेळानं बघितलं तर दगड दिसेना. दुसरा ठेवला. तो बघता बघता गेला. भाकऱ्यांचं फडकं वाळत घातलं होतं तिथवर पाणी आलं. एक लाट खडकावर फुटून आमच्या अंगावर उडाली आणि पोरगी आधी हसली, मग माझ्याकडं बघून हसायची थांबली. मुलगा म्हणाला, "आई, चढतंय." मी म्हणाले, चढल्यावरच उतरतं. पुढं समुद्र, मागं कडा, चढायला वाट नाही. मोबाईलला रेंज नाही. मी बसलेली.

सून उभी राहिली. ती पाण्याकडं बघत नव्हती. भिंतीकडं बघत होती.

"आई, उठा."

"बस म्हणते ना."

"भिंतीकडं बघा. शिंपल्या कुठवर हायेत बघा. जित्या हायेत त्या. वल्या हायेत. पानी तितवर येतं रोज." तिचा आवाज फाटला. "हे आपलं पानी न्हाई, आई. ह्याला रंग येत न्हाई."

मी वर बघितलं. पोरगी सकाळी म्हणाली होती तसंच होतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, मुलाच्या हाताच्याही वर, काळी ओली भिंत आणि तिच्यावर शिंपल्यांची दाटी. मी बसून राहिले.

सून वाकली आणि तिनं माझं मनगट धरलं. मी हात सोडवायला गेले. त्यावर ती जे बोलली ते या घरात आजवर कुठली सून सासूला बोलली नसेल. "ऊठ गं म्हातारे! माझ्या पोरांना बुडवतीस व्हय?"

मुलगा पोरीला खांद्यावर घेऊन पुढं घुसलाय. पाणी त्याच्या कमरेला. पोरगी त्याचे केस मुठीत धरून ओरडतेय. मग सून, मागं मी. पायाखाली खडक दिसत नाही, पाऊल टाकावं तिथं शिंपल्यांची धार. माझी एक चप्पल गेली. पाणी सुनेच्या पोटापर्यंत आलंय, ती मोकळा हात पोटाखाली धरून चालतेय, जसा काही त्यानं पाणी अडणार आहे. डावीकडून लाट आली. ती येताना मोठी दिसत नाही, अंगाशी आल्यावर कळतं. मी गुडघ्यांवर पडले, नाकातोंडात खारं पाणी, वर कुठं आणि खाली कुठं कळेना. एवढंच कळत होतं की मनगट कुणीतरी धरलेलं आहे. दुसरी लाट यायच्या आत तिनं मला वर ओढलं. "चला. चला. चला." एवढंच म्हणत होती. पुढं मुलगा पोरीला वाळूवर टाकून माघारी पळत येताना दिसला आणि त्यानं आम्हा दोघींना काखेत धरून बाहेर काढलं.

वाळूवर आम्ही पडून राहिलो. मुलगा वाकून ओकत होता. पोरीनं आईच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, "हाय." टपरी उघडली होती. टपरीवाली बाई धावत आली. "खुळी की काय तुमी? अवसेचं पानी भरतंय आन पोटुशीला घेऊन त्या अंगाला?" मग आमच्या तोंडांकडं बघून म्हणाली, "घाटावरची व्हय? तरीच." तिनं चहा दिला. मी घळीकडं बघितलं. घळ नव्हती. आम्ही बसलो होतो तो खडक नव्हता. स्वच्छ हिरवं पाणी कड्याला लागलेलं, पाचोळ्याचं एक पान त्यात नव्हतं.

घाट चढून आलो. सुनेला भोरला दवाखान्यात नेऊन दाखवलं. पोटातलं नीट आहे, ठोके ऐकवले डॉक्टरीणबाईंनी. त्या दिवशी संध्याकाळी सून हळदीचं तेल घेऊन माझ्या नडग्यांना लावायला बसली. मान खाली. "आई, मी तोंड टाकलं. चुकलं माझं."

मी म्हणाले, "शिंपल्यांचं तुला कुणी शिकवलं?"

तिनं मान वर केली. "तुमीच की. लग्न झालं त्या पावसात. करवंदीत अडकलेलं गवत दावलं व्हतं. पाण्याला इचारू नको, झुडपाला इचार म्हणाला व्हता."

मला आठवतही नव्हतं. तुमचं बोलणं माझ्या तोंडून निघून तिच्याकडं गेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. "ते माझं न्हाई," मी म्हणाले. "आत्याबाईंचं हाय."

"आन बसायचं, ते?"

"तेबी त्यांचंच."

तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "लईच होत्या की मग त्या." आणि आम्ही दोघी हसलो, आत्याबाई, तुमच्यावर. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला वाचताही येत नव्हतं. मीच वाचून दाखवायचे. म्हणून एवढं एक शेवटी लिहिते, जे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. सगळ्यांना वाटतं, म्हातारी हट्टानं बसली. सुनेला वाटतं, मी भ्याले होते. तसं नव्हतं. वर बघितलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. शिंपल्या कळल्या, पाणी कळलं, आपली चूक कळली. तरी मी उठले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुठंतरी टेकून बसावंसं वाटलं. भिंत होती पाठीशी. एका बाजूला तुम्ही बसला होता, दुसऱ्या बाजूला तुमचा मुलगा, आणि मला कुणाचं काही आणायला उठायचं नव्हतं. पोरगी समोर रडत होती, आणि ते मला लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं. क्षणभरच असेल. तिनं मनगट धरलं नसतं तर तो क्षण केवढा झाला असता ते मला सांगता येत नाही.

मनगटावरचा वळ उतरत आलाय. डावा हात आहे, तुम्ही धरला होता तोच. सून चुलीपासून हाक मारतेय, तिला आता वाकवत नाही, भाकऱ्या मी थापायच्या आहेत. उठते.